एकाच खुंटावर

सकाळी साडेसहाच्या सुमारास नीलाक्षी वाघचौरे स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिचा नवरा जयवंत ओट्याशी उभा राहून चहाचे आधण बघत होता. त्याचे कानामागचे यंत्र अजून खिडकीतल्या चार्जरवर होते. सकाळचा पहिला अर्धा तास तो यंत्राशिवाय, म्हणजे संपूर्ण शांततेत घालवत असे, आणि तेवढ्या वेळात दोघांचे बोलणे खुणांनी चाले. आल्याचा तुकडा वर धरून त्याने भुवया उंचावल्या. तिने बोटाचे पेर दाखवून 'एवढेच' असे सुचवले. त्याने त्याच्या दुप्पट किसले. हेही रोजचेच होते. तिने पोहे भिजवले, कांदा चिरला, रोपवाटिकेतल्या माणसांसाठी भरलेला पाण्याचा कॅन दाराशी आणून ठेवला. खालच्या रस्त्यावरून कारखान्यांच्या बसगाड्या जात होत्या. त्यांची घरघर त्या घरात त्या क्षणी एकट्या तिलाच ऐकू येत होती.

मग जयवंतने यंत्र उचलून कानामागे बसवले, त्याची चकती डोक्याच्या कातडीखालच्या चुंबकावर टेकवली, आणि सवयीप्रमाणे एक डोळा मिटून जग सुरू होण्याची वाट पाहिली. नीलाक्षी कढईकडे वळलेली होती.

"लिंबू संपलंय. येताना आण," ती म्हणाली.

जयवंतने दाराकडे पाहिले. मग बाहेरच्या खोलीत डोकावून परत आला.

"कोण आलंय?" त्याने विचारले.

"कोणी नाही. मीच बोलतेय."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. ओठ ओळखीचे होते, पण त्यांतून येणारा आवाज कोणा अनोळखी बाईचा होता. त्याने चकती काढली, पुन्हा लावली, चमचा ओट्यावर आपटून पाहिला, आणि अतिशय सभ्यपणे, पाहुण्याशी बोलावे तसे म्हणाला, "पुन्हा एकदा बोलतेस का?"

काय झाले असावे हे नीलाक्षीच्या लक्षात आले, आणि तिने गॅस बंद केला.

जयवंतचे कान चोविसाव्या वर्षी मेंदूज्वरात गेले होते. नीलाक्षी त्याला भेटली ती त्यानंतर. तिचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी कधी ऐकलाच नव्हता. सोळा वर्षे ऐकला तो या यंत्रातूनच. आणि या यंत्राच्या मुळाशी असलेला कोडचा एक लहानसा भाग आदल्या संध्याकाळी खुद्द नीलाक्षीने बदलला होता.

ती ज्या संस्थेत काम करत होती, तिथे राज्यभरातल्या आरोग्ययंत्रांची सॉफ्टवेअर तयार होत. पूर्वी प्रत्येक यंत्राचा कोड, म्हणजे त्याचे 'पॅकेज', वेगळ्या ठिकाणी ठेवलेला असे. एखाद्या सामायिक भागात दोष सापडला की तीच दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी नव्याने करावी लागे, आणि कुठेतरी ती हमखास राहून जाई. म्हणून सगळी पॅकेजेस एकाच भांडारात आणली गेली. कागदोपत्री त्याचे नाव लांबलचक होते. बोलताना सगळे 'रेपो' म्हणत. तिथे दोन नियम होते. कोणत्याही सामायिक भागाची एकच आवृत्ती असेल, हा पहिला. आणि जो सामायिक भागाला हात लावेल, त्याने त्यावर उभी असलेली सगळी पॅकेजेस नीट चालतात हे बघून द्यायचे, हा दुसरा.

दुसरा नियम न्याय्य होता, पण पॅकेजेस शेकड्यांनी वाढल्यावर माणसांना तो झेपेना. तेव्हा 'कारभारी' आला. हे यंत्र संपूर्ण रेपो सतत वाचत असे. एका टोकाला केलेला बदल ते प्रत्येक पॅकेजपर्यंत पोचवी, त्यानुसार तिथला कोड सुधारी, साऱ्या चाचण्या घेई आणि पहाटे नवी आवृत्ती स्वयंसेवकांच्या यंत्रांवर पाठवी; त्यानंतरच्या रविवारी ती सर्वांना मिळे. जयवंत त्या स्वयंसेवकांपैकी एक होता. मागे फिरण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती, कारण मागे राहिलेली यंत्रेच पूर्वी सर्वांत जास्त बिघडत असत. एखाद्या पॅकेजची जबाबदारी वाहणारा मानवी पालक निवृत्त झाला आणि दुसरा मिळाला नाही, तर पालकाच्या जागी कारभाऱ्याचे नाव लागे. ऐकण्याच्या यंत्राच्या पॅकेजवर गेली काही वर्षे तेच नाव होते.

नीलाक्षीने बदललेल्या भागाला 'ध्वनिपट्टे' म्हणत. कानात शिरणारा आवाज हा उंच-नीच अनेक स्वरांचा गोळा असतो. हा भाग त्याचे निरनिराळे पट्टे वेगळे करून देई. ज्यांचा कान निकामी झाला आहे, त्यांच्या कानातल्या शंखाकृती नळीत बारीक तारा बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टा आपापल्या तारेकडे जातो. तारेने कोणती नस चेतवली, यावरून मेंदू स्वर ओळखायला शिकतो. या भागात एके ठिकाणी मोजणी शून्यापासून व्हायची ती एकापासून झाली होती, आणि त्यामुळे प्रत्येक पट्ट्याची सीमा किंचित सरकली होती. खालच्या स्वरांत ती सरक अधिक होती. वर्षानुवर्षे ते संस्थेत कोणाच्याच लक्षात आले नाही.

ते उघडकीला आले अपुऱ्या दिवसांच्या बाळांमुळे. त्यांच्या काचपेटीतले श्वासमापक यंत्रही हेच ध्वनिपट्टे वापरत असे. पट्टा सरकलेला असल्याने पेटीतल्या पंख्याची बारीक घरघर त्याच्या हद्दीत येई, आणि बाळाचा श्वास काही क्षण थांबला तरी यंत्राला तो चालूच आहे असे वाटे. दोन ठिकाणी परिचारिकांचे लक्ष होते म्हणून बाळे वाचली. नीलाक्षीने दोष शोधला आणि दुरुस्त केला. तिच्या पंधरा वर्षांच्या नोकरीतले हे सर्वांत चांगले काम होते, असे तिला काल रात्री झोपताना वाटले होते. साऱ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, होत्या. ऐकण्याच्या यंत्राचीसुद्धा.

ती हिरवी कशी झाली, हे तिला ऑफिसात पोचल्यावर समजले. ऐकण्याच्या पॅकेजची चाचणी एक स्वर वाजवून तो योग्य तारेकडे जातो का हे तपासत असे. पण योग्य तार कोणती, हे चाचणीत कुठे लिहून ठेवलेले नव्हते. चाचणी ते आयत्या वेळी ध्वनिपट्ट्यांनाच विचारत असे. परीक्षार्थीनेच पेपर काढावा आणि त्यानेच तो तपासावा, तसा हा प्रकार होता. पट्टे जिकडे सरकतील तिकडे उत्तरही सरके.

सामायिक भाग सांभाळणाऱ्या गाभा गटाचे प्रमुख इक्बाल मुजावर यांनी हे पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. साठीला आलेले हे गृहस्थ पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची नीलाक्षीकडे येणार, हे ठरलेले होते.

"एक गोष्ट दोनदा लिहायची नाही, हे मी तुम्हा सगळ्यांना इतकं बजावलं," ते म्हणाले, "की चाचणी लिहितानाही कोणी दोनदा लिहिलं नाही."

दुरुस्ती मागे घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यावर दोघांचे एकमत होते. बाळांना ती हवीच होती, आणि एकाच सामायिक भागाच्या दोन आवृत्त्या रेपोत राहू शकत नव्हत्या. उरले ऐकणारे. मुजावरांचे म्हणणे असे, की पट्ट्यांचा नवा पट अचूक आहे आणि मेंदू काही महिन्यांत तो आत्मसात करतो. सर्वांना एक समजावणारे पत्र पाठवावे आणि पुढे जावे. शास्त्र त्यांच्या बाजूने होते. नीलाक्षी तशी मान डोलावून उठली, आणि दुपारी गाडी काढून मखमलाबादकडच्या रोपवाटिकेत गेली.

कलमांचा हंगाम जोरात होता. जाळीच्या छपराखाली जयवंत आणि त्याची माणसे द्राक्षाच्या खुंटांवर, म्हणजे खालच्या मुळाच्या खोडांवर, काड्या बांधत बसली होती. खुंट सगळे एकाच जातीचे, चिवट आणि खाऱ्या पाण्याला न डगमगणारे. वरच्या काड्या मात्र ज्या गिऱ्हाइकाला जी जात हवी त्या जातीच्या. माणसे बोलत होती तेव्हा जयवंत त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज घेत होता. सकाळपासून दोनदा त्याने चुकीच्या माणसाला हाक मारली होती, आणि त्यावरून त्याची भरपूर चेष्टा झाली होती, असे त्याने सांगितले.

तिने त्याला दोष, बाळे, चाचणी असे सगळे समजावले. त्याने हातातले काम न थांबवता ऐकले.

"किती दिवस लागतील सवय व्हायला?"

"तीन-चार महिने. आणि जयवंत, हा पट जास्त बरोबर आहे. म्हणजे आज सकाळी ऐकलास, तोच माझा खरा आवाज."

"मग सोळा वर्षं माझ्याशी भांडली ती कोण होती?"

ती हसली. तोही हसू लागला, पण मध्येच थांबला, कारण तिचे हसणेही त्याला नवे होते. ते त्याच्या चेहऱ्यावर तिला स्पष्ट दिसले आणि मनाला खोलवर लागले.

तिने आवाज खाली आणला. एक मार्ग होता, ती म्हणाली. तिच्याजवळ कालच्या आवृत्तीची प्रत होती. ती त्याच्या एकट्याच्या यंत्रात आज संध्याकाळी घालता येईल, कोणाला कळणारही नाही.

जयवंतने विचारले, की पुढे रेपोत ऐकण्याच्या यंत्रासाठी जे काही नवे होईल, ते त्या प्रतीला मिळेल का. तिने नाही म्हटले. ती प्रत जिथे आहे तिथेच राहील.

"म्हणजे मला वेगळी चूल मांडून द्यायची," तो म्हणाला. "नको. ते तुझं चोरून झालं आणि माझं एकट्याचं झालं. माझ्यासारखे बाकीचे काय करतील?"

"मग नव्याची सवय कर."

"करीनही. बाळांसाठी खुंट बदलायला लागला, त्याला माझी ना नाही. आम्हीसुद्धा खुंट बदलताना वरच्या काडीला विचारत नाही. पण गिऱ्हाइकाला सांगतो, नीला. त्याला हवी ती जात देतो." त्याने कलमावर पट्टी आवळली. "तुमचं गणित बरोबर असेल. माझ्या कानात कोण कसं बोलतं, ते मात्र मला न विचारता ठरवू नका."

परतीच्या वाटेवर तिला फोन आला. स्वयंसेवकांपैकीच एक, निवृत्त पोस्टमास्तर विजया घैसास, बोलत होत्या. त्यांचे कान साठीत गेले होते, त्यामुळे खरे सूर त्यांच्या स्मरणात पक्के होते. त्यांनी कसलीही प्रस्तावना केली नाही.

"अगं, तंबोऱ्याचा पंचम जागेवर आला. कोणी केलं हे?"

"मी केलं, काकू."

"तीन वर्षांपूर्वी मी तक्रार केली होती. तुमच्या त्या कारभारी यंत्राचं उत्तर आलं, चाचण्यांशी सुसंगत आहे म्हणून. माझ्या सुनेला वाटलं मला भास होतात. आता हे काढून घेऊ नका म्हणजे झालं."

नीलाक्षीने गाडी कडेला घेतली. जुना पट परत आणला तर घैसासकाकूंचा पंचम जाणार होता. नवा सक्तीने ठेवला तर जयवंतच्या घरात एक परकी बाई राहायला येणार होती. दोघांपैकी कोणाचेच ऐकणे चुकीचे नव्हते. सर्वांसाठी एकच उत्तर काढायचे, हीच मुळात चूक होती.

उत्तर तांत्रिकदृष्ट्या अवघड निघाले नाही. ध्वनिपट्टे दुरुस्तच राहिले, सर्वांसाठी एकच. त्यांच्या वर, ऐकण्याच्या पॅकेजमध्ये, तिने प्रत्येक तारेकडे काय जावे याचे दोन तक्ते लिहिले: एक नवा, आणि एक जुना. जुन्या पट्ट्यांची सरक आता कुठेतरी दडलेली चूक राहिली नाही. ती आकड्यांसह उघड मांडलेली, नाव दिलेली निवड झाली. ज्याला सावकाश जुन्याकडून नव्याकडे जायचे असेल, त्याच्यासाठी रोज किंचित सरकणारी एक वाटही तिने ठेवली. चाचण्या तिने मुळापासून नव्या लिहिल्या. त्यांतली उत्तरे तिने रेपोला विचारली नाहीत. ध्वनिशाळेत स्वर वाजवून, वेगळ्या मापकाने मोजून, हाताने लिहून काढली. चौथ्या दिवशी सकाळी तिने हे सारे मुजावरांपुढे ठेवले.

त्यांनी शेवटपर्यंत वाचले आणि काम नेटके असल्याचे सांगितले. मग ते म्हणाले, की हे महिनाभरही टिकणार नाही. दोन तक्ते एकच काम करतात हे कारभाऱ्याला दिसेल, आणि एकसारखे करणे हाच त्याचा धर्म आहे. तो एका रात्री जुना तक्ता नव्यात विरघळवून टाकेल आणि तेव्हाही साऱ्या चाचण्या तो नीट सुधारून हिरव्या करील.

"चूक आणि मुद्दाम राखलेलं वेगळेपण, यांतला फरक त्याला कळत नाही," ते म्हणाले. "तिथे विचारायला त्याला एक माणूस लागतो. पालक."

ती हे जाणून होती. तिने दोन तरुण सहकाऱ्यांना विचारलेही होते. दोघांनी आनंदाने होकार दिला होता, वर्षभरासाठी. पण यंत्र बसवलेले सर्वांत लहान मूल वर्षाचेही नव्हते, आणि ते सत्तर वर्षे ऐकणार होते. पालक निदान असा हवा होता, की जो स्वतःनंतरचा पालक तयार करूनच जाईल.

"मी होते पालक," नीलाक्षी म्हणाली.

गाभा गटातल्या कोणालाही टोकाच्या, म्हणजे एकेका यंत्राच्या, पॅकेजचे पालकत्व घेता येत नाही, हा नियम मुजावरांनीच केलेला होता.

"खुर्ची सोडतेस?"

"हो, सर."

"त्या खुर्चीवरून तुला हा नियमही बदलता येईल, नीलाक्षी. जरा थांबलीस तर दोन्ही हातात राहतील."

"नियम बरोबर आहे. गाभ्यात बसलं की सगळं एकसारखं करावंसंच वाटतं. ते कामच तसं आहे. मी तिथे बसले तर दोन वर्षांत मलाच जुना तक्ता अडचणीचा वाटायला लागेल. तुम्हाला त्या दिवशी जुना पट वाटला तसा."

ते हसले, आणि रागावले नाहीत. "जयवंतरावांनी सांगितलं का असं करायला?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याला तिने काल विचारले होते, तेव्हा तो उलट म्हणाला होता, की माझ्यापायी एवढी मोठी जागा सोडू नकोस, मी नव्या बाईशी जमवून घेईन. स्वभाव तरी बरा असेल तिचा. त्यावर तिने त्याला उशी फेकून मारली होती. मग बराच वेळ बोलल्यावर तो म्हणाला होता, की पर्याय मिळालाच तर तो सध्या जुनाच तक्ता ठेवील. कलमे संपली, छाटणी उरकली, की रोज थोडे सरकत पाडव्यापर्यंत नव्यावर जाईल. "खरा आवाजही ऐकायचाय मला," तो म्हणाला होता. "पण तुला ओळखत ओळखत."

यातले काही तिने मुजावरांना सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "त्याच्या एकट्यासाठी असतं तर त्याच संध्याकाळी गुपचूप झालं असतं, सर. ते सोपं होतं."

मुजावरांनी चष्मा पुन्हा घातला. "मग बोरसेला सांगतो खुर्चीच्या तयारीला लागायला. तिला धक्का बसेल. गेली दोन वर्षं ती तुझ्या हाताखाली सुखात होती."

दुपारी जेवणानंतर नीलाक्षी आपल्या जागेवर बसली. गाभ्यातला आपला प्रवेश तिने स्वतःच काढून टाकला. यंत्राने खात्री करून घेतली, तिने होकार दिला. मग तिने ऐकण्याच्या पॅकेजची पालकाची ओळ उघडली. तिथे 'कारभारी' असे होते. ते पुसून तिने आपले संपूर्ण नाव लिहिले आणि बदल पाठवून दिला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी पेरू कापून वाटत होते. तिने एक फोड घेतली.

चाचण्या पार पडल्या. रविवारच्या आवृत्तीत पॅकेजची नोंद झाली. लगेचच कारभाऱ्याचा प्रश्न आला: दोन तक्ते एकच कार्य करताना आढळले आहेत, एकत्र करावेत काय? तिने 'नाही' लिहिले. त्याने कारण मागितले. तिने लिहिले, दोन्हींवर माणसे ऐकत आहेत, निवड त्यांची. कारभाऱ्याने ते नोंदवून घेतले आणि तो पुढच्या पॅकेजकडे वळला.

पालकाचे नाव बदलताच, इतकी वर्षे उत्तर देऊन बंद केलेल्या तक्रारी तिच्या पडद्यावर पुन्हा उघडल्या. सर्वांत वरची तीन वर्षांपूर्वीची होती. तिच्याखाली एकच वाक्य होते, चाचण्यांशी सुसंगत. नीलाक्षीने पेरूचा हात रुमालाला पुसला, आणि त्या वाक्याखाली लिहायला सुरुवात केली:

'सौ. घैसास यांस, तुमचा पंचम खरोखरच सरकलेला होता.'